सरकीचे तेल आणि पुरुषाच्या देहातील 'स्त्री-संप्रेरक'

१/
पोळ्याच्या संध्याकाळी यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावाच्या वेशीवर, तोरणाखाली उभी राहिलेली बैलजोडी पाहावी. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, भोवती वाजंत्री आणि गर्दी. तरीही जनावर शांत. त्याच जातीचा, त्याच रक्ताचा वळू मात्र अशा गर्दीत आणून उभा करण्यास कोणी धजणार नाही. दोघांत फरक एवढाच, की बैल वयात येताना बडवलेला असतो. 'संप्रेरक' हा शब्द घडण्यापूर्वी कित्येक पिढ्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला संप्रेरकाचे काम ठाऊक होते.

२/
या धाग्याचा विषय तेच द्रव्य आहे: टेस्टोस्टेरॉन. ज्यांच्या शरीरात ते पुरेसे तयार होत नाही, अशा पुरुषांना ते आज बाहेरून दिले जाते. या उपचाराबरोबर एक प्रश्न हटकून येतो. दिलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही अंश शरीरातच इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. 'बायकांचे' म्हणून ओळखले जाणारे हे द्रव्य पुरुषाने दाबून टाकावे, की राहू द्यावे? या प्रश्नाच्या उत्तरामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा यवतमाळच्या जिनिंगमध्ये ढिगाने पडलेल्या सरकीपाशी येतो.

३/
प्रारंभ १८४९ चा, जर्मनीतील ग्योटिंगन येथला. आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, तो आरवत नाही, झुंजत नाही. पण काढलेला वृषण त्याच्याच किंवा दुसऱ्या कोंबड्याचा घेऊन पोटात ठेवला, तर तुरा पुन्हा लाल होतो आणि बांग परत येते. मज्जातंतूंचा जुना संबंध तुटलेला असूनही परिणाम होतो, अर्थात काहीतरी रक्तावाटे जात असले पाहिजे. त्या 'काहीतरी'ला नाव मिळण्यास आणखी ८६ वर्षे लागायची होती.

४/
वृषणात पौरुषाचे सत्त्व आहे, ही कल्पना त्याहून पुष्कळ जुनी. सुश्रुतसंहितेतील वाजीकरणाच्या प्रकरणात बोकडाच्या वृषणांचे पाक सांगितले आहेत. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ७२ वर्षांचे ख्यातनाम शास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे विद्वत्सभेत जाहीर केले. युरोप-अमेरिकेत अशा अर्कांचा बाजार फुलला. परंतु वृषण हे संप्रेरक साठवून ठेवत नाहीत, आणि पाण्यात काढलेल्या अर्कात ते जवळजवळ उतरतही नाही. ब्राउन-सेकार यांना जाणवलेली शक्ती मनाची होती.

५/
खरे द्रव्य हाती येण्यास कत्तलखान्यांची गरज पडली. १९२७ मध्ये शिकागो विद्यापीठात फ्रेड कॉक व लेम्युएल मॅगी यांनी बैलबाजाराच्या त्या शहरातून सुमारे १८ किलो वळूंचे वृषण मिळवले आणि त्यातून अवघा २० मिलिग्रॅम क्रियाशील अर्क काढला. त्याच १९२७ साली मुंबईत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. देहाविषयी मराठीत, लाज न बाळगता, शास्त्राच्या आधारे बोलण्याचा तो पहिला सातत्यपूर्ण प्रयत्न. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. पण दोहोंची आठवण शेवटी लागणार आहे.

६/
याच काळात नावे पडली, आणि गोंधळही तेथेच रुजला. १९२९ मध्ये एडवर्ड डॉयझी आणि अडॉल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे गर्भवतींच्या मूत्रातून इस्ट्रोन शुद्ध केले. मादीच्या माजाशी निगडित म्हणून या गटाला इस्ट्रोजेन म्हटले गेले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गोमाशी, आणि तिच्या दंशाने येणारी बेफामी. १९३१ मध्ये बुटेनांट यांनी पोलिसांचे हजारो लिटर मूत्र आटवून सुमारे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन मिळवले. एक द्रव्य बायकांच्या मूत्रातले, दुसरे पुरुषांच्या. विभागणी इतकी नीटस दिसली, की शंका घेण्याचे कारणच उरले नाही.

७/
ती नीटस विभागणी १९३४ मध्ये एका घोड्याने मोडली. बर्लिनचे डॉक्टर बर्नहार्ड त्सोंडेक यांना ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीने पदावरून दूर केले होते. देशोधडीच्या त्या वर्षांत त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: इस्ट्रोजेनचा अतिशय समृद्ध साठा वळू घोड्याच्या मूत्रात सापडतो, आणि त्याचा उगम त्याच्या वृषणांत आहे. पौरुषाचे प्रतीक मानल्या गेलेल्या प्राण्याच्या अंगी 'स्त्री-संप्रेरक' भरभरून होते. त्याच वर्षी, वाचकांच्या लैंगिक शंकांना छापून उत्तरे दिल्याबद्दल कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला गेला.

८/
१९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे एर्न्स्ट लाक्वेर यांच्या गटाने वळूंच्या सुमारे १०० किलो वृषणांतून १० मिलिग्रॅम स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन असे नाव दिले. काही महिन्यांतच बुटेनांट आणि झुरिकचे लिओपोल्ड रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत घडवून दाखवले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना जाहीर झाले. हिटलरच्या सरकारने बुटेनांट यांना ते स्वीकारू दिले नाही. क्विंटलभर मांसातून चिमूटभर मिळणारे द्रव्य आता कारखान्यात होऊ शकत होते.

९/
औषध आले, आणि कोडेही लगोलग आले. १९३७ मध्ये व्हिएन्नाचे ऑयगेन श्टायनाख आणि त्यांचे सहकारी कून यांनी टेस्टोस्टेरॉन दिलेल्या पुरुषांच्या मूत्राची तपासणी केली. त्यात इस्ट्रोजेनसारखे काम करणारे द्रव्य वाढलेले आढळले. म्हणजे पुरुषाला दिलेले पुरुष-संप्रेरक त्याच्याच शरीरात स्त्री-संप्रेरक होत होते. आज ज्याला 'उपचारातील इस्ट्रोजेनचा प्रश्न' म्हणतात, तो औषधाच्या बाल्यावस्थेतच कागदावर आला होता.

१०/
यामागची यंत्रणा पुढे उलगडली. ॲरोमाटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनच्या रेणूतील एक कर्बाणू काढून टाकते आणि त्याच्या एका कड्याची रचना बदलते. त्यातून इस्ट्रॅडिओल होते. हे विकर चरबीत, मेंदूत, हाडांत, वृषणांत, ठिकठिकाणी असते. निरोगी पुरुषाच्या इस्ट्रॅडिओलपैकी सुमारे चार-पंचमांश भाग वृषणांबाहेर, असा रूपांतरातून तयार होतो. दिवसाला काही मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घडते. त्यातील हजारातला जेमतेम तीन-चार भाग इस्ट्रॅडिओल होतो. चरबी अधिक असेल, तर रूपांतरही अधिक.

११/
आता सरकी. टेस्टोस्टेरॉन तसेच गिळले, तर आतड्यातून यकृतात पोहोचताच बहुतांश नष्ट होते. म्हणून रसायनज्ञांनी त्याला मेदाम्लासारखे शेपूट जोडले. त्यामुळे ते तेलात विरघळते. स्नायूत टोचलेल्या तेलाच्या थेंबातून हळूहळू सुटते आणि रक्तात आल्यावर शेपूट गळून मूळ द्रव्य मोकळे होते. एनॅन्थेट हा प्रकार बहुधा तिळाच्या तेलात, चार एस्टरांचे एक प्रसिद्ध मिश्रण भुईमुगाच्या तेलात, आणि सायपियोनेटचे सर्वांत परिचित अमेरिकी इंजेक्शन सरकीच्या तेलात मिळते. विसाव्या शतकातील पौरुषाचे औषध कापसाच्या बीजातून निघालेल्या तेलावर तरंगत आले.

१२/
यवतमाळकरांसाठी सरकी ही नवलाची वस्तू नाही. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला, की सुमारे ३५ किलो रुई निघते. उरलेला बहुतेक भाग सरकीचा. इंग्रजांना हवी होती रुई. तिच्यासाठीच १९०३ मध्ये यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मार्गाची रेल्वे सुरू झाली, जिला लोक 'शकुंतला' म्हणू लागले. दारव्हा मागे टाकीत ती मूर्तिजापूरला पोहोचे. तेथून गाठी मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे. सरकी मागे राहिली. तिचे तेल घाण्यात, ढेप गोठ्यात. पोळ्याच्या त्या बैलाच्या गव्हाणीत आजही तीच ढेप असते.

१३/
तेलातल्या औषधाला तेलाचाच स्वभाव असतो: आधी उसळी, मग उतार. सायपियोनेट टोचल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातील पातळी शिखर गाठते आणि मग घसरत जाते. दोन-तीन आठवड्यांनी एकदाच मोठी मात्रा घेतली, तर शिखर उंच होते, आणि शिखराच्या वेळी ॲरोमाटेजला कच्चा मालही अधिक मिळतो. मग छाती हुळहुळणे, स्तनांत गाठ जाणवणे, अंगात पाणी साठणे अशी लक्षणे दिसू शकतात. येथूनच पुष्कळांच्या मनात एक सोपा तर्क उभा राहतो: इस्ट्रोजेन हा शत्रू आहे, तर ते शून्यावर आणावे.

१४/
हा तर्क कोसळला तो एका माणसामुळे. १९९४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका पुरुषाची हकिकत प्रसिद्ध केली. उंची २०४ सेंटिमीटर, आणि वाढ अजून चालूच. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित. पण जनुकातील दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेशच ऐकू येत नव्हता. हाडांची टोके वयात येताना जुळतात, ती त्याची जुळलीच नव्हती; हाडांचे वय १५ वर्षांच्या मुलाएवढे, आणि त्यांचा ठिसूळपणा म्हाताऱ्यासारखा. पुरुषाची हाडे टेस्टोस्टेरॉन घडवते, ही पाठ्यपुस्तकातील समजूत त्याच्या क्ष-किरण चित्रापुढे टिकेना.

१५/
१९९७ मध्ये इटलीतून याचा दुसरा पुरावा आला. या पुरुषाच्या शरीरात ॲरोमाटेजच नव्हते. टेस्टोस्टेरॉन होते, पण त्याचे इस्ट्रोजेन होऊ शकत नव्हते. त्याला टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिले. हाडे तशीच राहिली. मग त्वचेवरील पट्टीतून थोडे इस्ट्रॅडिओल दिले; हाडांची घनता वाढली आणि उघडी टोके मिटली. ज्या द्रव्याला सत्तर वर्षे 'बायकांचे' म्हटले गेले, ते पुरुषाच्या सांगाड्याचा गवंडी होते.

१६/
ही दोन्ही माणसे विरळा. सामान्य पुरुषांचे काय? २०१३ मध्ये बॉस्टनच्या जोएल फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ४०० निरोगी पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांचे स्वतःचे संप्रेरक औषधाने तात्पुरते थांबवले आणि वेगवेगळ्या मात्रेत टेस्टोस्टेरॉनचे जेल दिले. निम्म्यांना सोबत ॲरोमाटेज रोखणारे ॲनास्ट्रोझोल दिले. निष्कर्ष स्पष्ट होता. स्नायूंचे वस्तुमान व ताकद टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून. अंगावर चरबी चढणे हे मुख्यतः इस्ट्रोजेनच्या कमतरतेमुळे. कामेच्छेसाठी दोन्ही आवश्यक. इस्ट्रोजेन दाबून पौरुष वाढते, असे मानणाऱ्यांच्या अपेक्षेच्या नेमके उलट.

१७/
म्हणून आजची वैद्यकीय शिस्त संयमाची आहे. प्रथम निदान: लक्षणे असावीत, आणि सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी निघावे. उपचारात लक्षणे नसताना केवळ अहवालातील आकडा पाहून इस्ट्रोजेन पाडत नाहीत. त्रास झालाच, तर आधी मात्रा कमी करणे, तीच मात्रा लहान भागांत वारंवार देणे, जेलकडे वळणे, वजन उतरवणे हे उपाय. ॲनास्ट्रोझोल मुळात स्तनांच्या कर्करोगाचे औषध आहे. ते सरसकट जोडीला देण्यास आधार नाही. अतिरेक झाला, तर सांधे दुखतात, इच्छा मावळते, अंगातून उष्ण लाटा येतात आणि हाडे झिजू लागतात.

१८/
मोजमापातही फसगत असते. पुरुषातील इस्ट्रॅडिओल इतके थोडे असते, की नेहमीच्या तपासण्या त्या पातळीला अचूक ठरत नाहीत. वस्तुमान वर्णपटमापनाची पद्धत अधिक विश्वासार्ह. शिवाय लक्ष केवळ इस्ट्रोजेनवर ठेवणेही चूक. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवते. रक्तातील त्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले, तर उपचार थांबवतात. २०२३ मध्ये सुमारे ५,२०० पुरुषांच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात वाढले नाहीत, पण हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी यांचे प्रमाण अधिक दिसले. पुढच्या वर्षी त्याच चाचणीत हाडे मोडण्याचे प्रमाणही काहीसे जास्त आढळले. देहाची तराजू दोनच पारड्यांची नसते.

१९/
आणि एक गोष्ट जी तरुणांना बहुधा उशिरा कळते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले, की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना आदेश देणे थांबवते. वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात. हा परिणाम इतका भरवशाचा, की जागतिक आरोग्य संघटनेने तो संततिनियमनासाठी तपासला: १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात देशांतील २७१ पुरुषांना दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉन टोचले, आणि निम्म्याहून अधिकांच्या वीर्यातून शुक्रजंतू पूर्णपणे नाहीसे झाले. पौरुषाचे औषध पितृत्व थांबवते. ते बहुधा परत येते, पण त्याला महिने लागतात.

२०/
येथे सरकी पुन्हा वाटेत येते. तिच्या दाण्यातील काळसर ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. चीनमध्ये कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या खेड्यांत मुले होणे घटल्याचे लक्षात आले आणि १९७० च्या दशकात तेथे आठ हजारांहून अधिक पुरुषांवर गॉसिपॉलची चाचणी झाली. टेस्टोस्टेरॉनला फारसा धक्का न लावता ते शुक्रजंतू रोखत होते. पण काहींच्या रक्तातील पोटॅशियम घातक पातळीपर्यंत उतरले, काहींना अपत्यक्षमता परत मिळालीच नाही. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे संशोधन सोडून देण्याची शिफारस केली. शुद्ध केलेल्या खाद्यतेलातून गॉसिपॉल काढून टाकलेले असते.

२१/
हा इतिहास आज कोणाच्या उपयोगाचा? ज्याची गरज सिद्ध झाली आहे, अशा रुग्णाच्या तर आहेच. पण त्याहून अधिक त्या विशीतल्या मुलाच्या, ज्याला व्यायामशाळेत कोणीतरी एक कुपी देतो आणि सोबत 'इस्ट्रोजेन मारायची' गोळीही देतो. भारतात ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे कायद्याला मान्य नाही. तरी मागणारा चिठ्ठी शोधत नाही, कारण चिठ्ठीसाठी प्रश्न विचारावा लागतो. दंड फुगतो, तो दिसतो. आक्रसलेला वृषण, दाट झालेले रक्त, विरळ होत चाललेले हाड हे दिसत नाही. आणि ज्या वयात हाडे आयुष्यभराची पुंजी साठवतात, नेमके तेच ते वय असते.

२२/
त्या मुलाची चूक एकट्याची नाही. १९२० च्या दशकात दोन द्रव्यांवर दोन चिठ्ठ्या डकवल्या गेल्या. एकीवर पुरुष, दुसरीवर स्त्री. १९३४ मध्ये घोड्याने, १९३७ मध्ये मूत्राने, १९९४ मध्ये एका उंच माणसाच्या हाडांनी त्या चिठ्ठ्या खोट्या ठरवल्या. पण डकवलेली चिठ्ठी पुराव्याने सुटत नाही, कारण तिच्यामागे गोंद लाजेचा असतो. अंगात 'बायकी' काही असेल, ही भीती विज्ञानापेक्षा जुनी आहे. तिच्यापायी पुरुष स्वतःच्याच हाडांचा आधार काढून घ्यायला निघतो.

२३/
कर्वे १९५३ मध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर 'समाजस्वास्थ्य'ही बंद पडले. त्यांनी खटला सोसला तो एवढ्याचसाठी, की मराठी माणसाला स्वतःच्या देहाविषयी छापील, स्वच्छ उत्तर मिळावे. आज ते उत्तर मिळवणे गुन्हा नाही. यवतमाळात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दार उघडे आहे. आत जाऊन विचारण्याचे धैर्य मात्र प्रत्येक पिढीला नव्याने कमवावे लागते.

२४/
पोळा संपला, की बैल गोठ्यात परततो आणि त्याच्यापुढे सरकीची ढेप पडते. माणसाने त्याच्याकडून एक द्रव्य काढून घेतले आणि त्याबदल्यात नांगराला शांत सोबती मिळवला. तो सौदा बैलाला न विचारता झाला. माणसाचे तसे नाही. त्याला विचारता येते, आणि काय काढले जाणार, काय घातले जाणार, हे आधी समजून घेता येते.

(धागा समाप्त)